राखेविना तापलेलं पाणी

सप्टेंबरातल्या चिकट उकाड्यात मोहाडीकडचं आमचं गाव हिमाग्नी महाराजांच्या मठापुढे रांग लावून उभं होतं. मठ म्हणजे परवापर्यंतचं धानाचं गोदाम. आत भगव्या कापडात गुंडाळलेला माणूसभर उंचीचा ‘अग्निस्तंभ’. त्याच्या एका नळातून वाफाळतं पाणी यायचं आणि माथ्यावरून गारेगार वारा सुटायचा. पोटातून अखंड ओंकार घुमायचा. खालच्या बारीक नळीतून कलशात थेंब पडायचे, ते हिमतीर्थ.

“ना लकडी, ना कोयला, ना गॅस!” महाराज गरजत. “एकाच खांबात कैलास बी आहे, धुनी बी आहे. गरम पाण्यात पाय टाका, हिमतीर्थ प्या, अन् डॉक्टरच्या गोळ्या नालीत फेका!”

माझी मोठी बहीण कलाबाई हिला बारा वर्षांची शुगर. तिनं गोळ्या खरंच फेकल्या होत्या. मी टिकाराम, निवृत्त विज्ञान शिक्षक. तिला समजवायला गेलो की ती विचारायची, “मंग सांग ना, पाणी कशानं तापते?” मला सांगता येत नव्हतं. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, असं तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि इथे गार वाऱ्याशेजारी पाणी तापत होतं! मी अंगणात येरझाऱ्या घालायचो, अर्धा चहा टाकून उठायचो, पेपर उलटा धरून बसायचो.

गावाचा विश्वास बसला तो मात्र माझ्या भाऊजींमुळे, कलाबाईच्या नवऱ्यामुळे. सोमाजी कोसा विणतात. रेशीम सुटावं म्हणून कोसे उकळण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. राख बघून किती लाकूड जळलं ते सांगतील. म्हणून गावानं त्यांनाच तपासायला पाठवलं. ते गोदामाचा कोपरान् कोपरा हुंगून बाहेर आले.

“राख नाई, धूर नाई, भिंतीले काजळी नाई. एक वायर आहे, पण मीटर हळूच फिरून राहिलं. तेवढ्यात इतकं पाणी तापत नसते.”

झालं! चुलीचा जाणकारच असं म्हणाल्यावर माझं कोण ऐकणार?

शेवटी मी तुमसरहून रीताला घेऊन आलो. माझी जुनी विद्यार्थिनी, फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान चालवते. मठात पाऊल टाकताच ती थबकली, कान दिला आणि हसायलाच लागली.

“सर, हा ओंकार माह्या दुकानात दिवसभर चालते. कॉम्प्रेसर आहे तो!”

शिष्य आडवे येईपर्यंत तिनं कापड ओढलं होतं. आत पांढरं पिंप, वर पंखा, आणि कंपनीचं नाव खरवडून काढलेलं.

“सोमाजी काका, घरी फ्रिज आहे ना? त्याच्या मागं हात लावून पाहा. गरम लागते. आतल्या सामानाची ऊब काढून तो बाहेर फेकते. हे यंत्र तेच काम करते. खोलीतल्या हवेची ऊब काढते अन् पाण्यात टाकते.”

“हवेत कुठची ऊब?”

“आज उकडून नाई राहिलं का तुमाले?”

दोघेतिघे हसले. महाराज हसले नाहीत.

“नळीत एक गॅस फिरते,” रीता सांगू लागली. “पातळ असते तवा तो हवेची ऊब घेऊन उकळते, हवा गार होते. मंग कॉम्प्रेसर त्याले दाबते. सायकलीत हवा भरताना पंप तापते ना, तसा तो तापते. ती गरम नळी टाकीले गुंडाळली आहे. पाण्याले ऊब देऊन गॅस पुन्हा पातळ होते, बारीक वाटेनं सुटला का थंड पडते, अन् पुन्हा फिरते. वीज लागते ती फक्त ऊब इकडची तिकडं न्यायले. म्हणून मीटर हळू.”

मी कपाळावर हात मारला. उष्णता आपोआप उलटी जात नाही, एवढंच मी शिकवलं होतं. जोर लावला तर नेता येते, हे घरच्या फ्रिजकडे बघूनही मला सुचलं नाही!

“अन् तीर्थ?” कुणीतरी विचारलं.

“थंड लोट्याले बाहेरून पाणी सुटते, तेच. वरून जाळीची धूळ अन् बुरशी.”

रांगेत कुजबुज सुरू झाली. महाराजांनी शेवटचा डाव टाकला. “मशीन असन! पण या माउलीले अग्नी भाजत नाई, ते काय आहे? बस, माई!”

कलाबाई अभिमानानं पुढे आली आणि वाफाळत्या गंगाळात दोन्ही पाय सोडून बसली. शेजारच्यानं त्यात बोट घातलं आणि ओरडून मागे घेतलं. ती हसत होती. “पाह्य ना टिकाराम, मले काहीच गरम लागत नाई.”

मी धावत जाऊन तिचे पाय बाहेर ओढले. तळवे पांढरे पडले होते, डाव्या अंगठ्याखाली फोड फुटून चिघळला होता. मी तो पाय मांडीवर घेतला.

“बाई, डोळे मीट. मी कोणत्या बोटाले हात लावला, सांग.”

ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. सगळा मठ माझ्या हाताकडे बघत होता.

“लाव ना रे. लावत काहून नाईस?”

मी केव्हापासून तिचा अंगठा घट्ट धरून होतो.

“शुगरनं पायाच्या नसा मेल्या आहेत हिच्या,” मी ओरडलो. “भाजते, पण हिले समजत नाई!”

सोमाजी तिच्या पायाशी येऊन बसले. “मी राखच शोधत राहिलो,” ते म्हणाले. “बायकोचे पाय नाई पाहिले.”

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डावा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. महाराज त्याच दुपारी पसार झाले, पिंप तसंच राहिलं. त्या यंत्रावर माझा राग नाही. विजेची बचत होते, परवडलं तर घरी खुशाल लावा. राग माझ्यावर आहे. ‘मला कळत नाही, कळणाऱ्याला बोलावू’ हे मी पहिल्याच दिवशी गावासमोर मोठ्यानं म्हणायला हवं होतं. तुम्ही तरी म्हणत जा. त्यात लाज नाही, आणि अंगठा वाचतो.

आता कलाबाई गोळ्या घेते. रोज सकाळी आंघोळीआधी सोमाजी तिच्या बादलीत कोपर बुडवतात, थोडा वेळ थांबतात आणि मगच म्हणतात, “हं, ये आता.”