शिमला वर, पॅथॉलॉजी खाली

ऐक गं चैताली, आधी नुसतं ऐक, मधे काही विचारू नको. सोमनाथ आप्पांनी ते बाळ असं दोन्ही हातांवर घेतलं, एकदा जरा वर, एकदा जरा खाली, आणि म्हणाले, "सव्वापाच."

तेजस्विनी औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत होती, ती थांबलीच. आपली तेजू गं, दिंडोरीकडच्या आरोग्य केंद्रात आहे ना वर्षभर, तिथलंच सांगतेय. बाळ तीन महिन्यांचं, अंगात ताप. थेंब किती द्यायचे ते वजनावर ठरतं आणि वजनकाटा नेमका बंद, सेल गेलेले. छाया सिस्टर सेल शोधतायत, बाळाची आजी नवसाबाई घाबरून दारातच उभी, आणि हे आप्पा, तेजूचे वडील, तासभर बाकावर बसून फक्त तिच्यावर पहारा देत होते.

पहारा कशाचा, तर पीजीच्या सीटची यादी त्या दिवशी चार वाजता लॉक करायची होती. यादीत जे वर टाकू, तेच आधी मिळणार. तेजूला लहान मुलांचीच डॉक्टर व्हायचंय. पण तिच्या रँकला ती सीट महाराष्ट्रात कुठे बसेना, बसत होती ती थेट शिमल्याला. आणि नाशकातल्या नाशकात पॅथॉलॉजी मिळत होतं. घरच्यांचं ठरलेलं, पॅथॉलॉजी वर. दहा ते पाच लॅब, संध्याकाळी पोरगी घरात. चुलतभाऊ ज्ञानेशने गंगापूर रोडला गाळासुद्धा बघून ठेवला होता. तेजू आठ दिवस भांडून भांडून थकली. तर आप्पा त्या दिवशी मार्केटला टोमॅटोचे कॅरेट टाकून, मखमलाबादला घरीसुद्धा न जाता, पिकअप घेऊन थेट तिच्या टेबलासमोर. लॉक माझ्यासमोर कर म्हणाले.

"आप्पा, असं अंदाजाने औषध नाही देता येत," तेजू म्हणाली.

"अंदाज कुणी केला? वजन सांगितलं."

सिस्टरांनी शेवटी भिंतीवरचं घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट उघडून सेल काढले, काट्यात घातले. बाळ ठेवलं. पाच किलो सहाशे.

"चुकलात की हो मामा," सिस्टर म्हणाल्या.

"दुपटं काढा. टोपडं काढा. झबलं बी काढा. मालाचं वजन कॅरेटसकट धरतात का कुठं?"

सगळं काढलं. पाच किलो दोनशे चाळीस.

नवसाबाई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. "डॉक्टरीनबाई, यांनाच ठेवून घ्या इथं."

तेजूही हसली, पण लगेच कामाला लागली. थेंब मोजून दिले. मग स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या मानेला लावून कोमट केला आणि बाळाला म्हणाली, "आता छाती बघू का तुमची? दोन मिनिटं फक्त." टाळू चाचपली. अंगावर पितंय का, लघवी किती वेळा झाली, एकेक विचारत गेली. नवसाबाई सांगता सांगता दारातून आत आली, खुर्चीवर टेकली. तेवढ्या वेळात बाळाने तेजूचं बोट धरलं आणि तिने ते सोडवलं नाही, दुसऱ्या हाताने कागद लिहिला.

आप्पा बघत होते. एमबीबीएसची एवढी वर्षं झाली, पण तिला काम करताना त्यांनी तोवर बघितलंच नव्हतं.

नवसाबाई बाळ घेऊन बाहेर जाऊन बसली, तसं त्यांनी विचारलं, "ते शिमला किती लांब हाय?"

"दिल्लीला जायचं, मग तिथून पुढे."

"थंडी?"

"बर्फ पडतो."

आप्पा जरा वेळ खिशातली किल्ली चाचपत बसले. मग उठले. "वर टाक ते शिमला. फक्त तुझ्या आईला सांगू नको, मी म्हणलो म्हणून. पॅथॉलॉजीला नंबर नाय लागला म्हण. तिने तुझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीय. तिला लय लागेल."

आणि गेले, गाडीत जाऊन बसले.

तेजूने लॅपटॉप पुढे ओढला. साडेतीन वाजले होते. तेवढ्यात उज्वलाकाकूंचा, म्हणजे तिच्या आईचा फोन.

"आप्पा हायेत का तिथं?"

"गाडीत बसलेत."

"मग ऐक. आठ दिवस बघतेय मी, तू धड जेवत नाय. तुला जायचंय तेच टाक वर. पण आप्पांना माझं नाव सांगू नको. नंबर नाय लागला म्हण. बोलत नाय गं ते, पण तू लांब जाणार म्हणल्यावर त्यांना झेपायचं नाय."

तेजू आईलाही बरं म्हणाली. शिमला वर टाकलं आणि लॉक केलं.

सोमवारी रिझल्ट आला, मिळालं शिमला. आणि आता घरात काय चाललंय माहितीये? ज्या आप्पांनी कधी पाण्याचा तांब्या हाताने भरला नाही, ते काकूंना चहा करून देतायत. "तीन वर्षं काय गं, जातील," म्हणतायत. काकू म्हणतात, "मला काय नाय झालं, तुम्ही जीवाला लावून घेऊ नका." जेवण झालं की दोघं ओट्यावर बसतात, एकमेकांची समजूत काढत. आप्पा नको तेवढं बोलतात, काकू ऐकतात. परवा तर त्यांच्या लग्नात कुणाची गाडी बंद पडली होती, ते निघालं आणि दोघं हसत बसले. तेजू म्हणाली, मी यांना असं बसलेलं जन्मात पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी ती निघतेय. एका वाक्यात सगळं सांगून टाकता येईल, दोघांच्याही मनावरचं ओझं उतरेल, खोटं संपेल. काल भाकरी वाढून घेता घेता तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काकूंनी आप्पांच्या ताटात लोणचं वाढलं आणि ती गप्प बसली.

चैताली, तू असतीस तर सांगितलं असतंस का गं?