पाहुण्यांच्या गाड्या आणि खो-खोचा खांब

मित्रांनो, आर्वीच्या एका मैदानात चाळीस वर्षे रोवलेला मी खो-खोचा जुना सागवानी खांब आहे. सुताराने रंधा मारून मला असा गुळगुळीत केला, की मला धरून पोरी गर्रकन वळत आणि एकीच्याही हातात लाकडाची कूस शिरत नसे. त्याचा मला भारी तोरा होता!

तीन वर्षांपूर्वी आर्वीत खो-खोचे आंतरराष्ट्रीय सामने भरले. खेळ झाला हॉलमधल्या मॅटवर, आणि आमच्या मैदानात उभ्या राहिल्या पाहुण्यांच्या गाड्या. चाके रुतू नयेत म्हणून मऊ मातीवर मुरूम दाबला. मला उपटून फाटकाशी नेले, अंगात खिळे ठोकले आणि स्वागताचा फलक टांगला. खोटे कशाला बोलू, परदेशी खेळाडू माझ्याशेजारी फोटो काढत तेव्हा मी खिळे विसरून जाई. तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या वर्षालीला खेळाचे वेड लागले तेही ते सामने बघूनच.

सामने संपल्यावर मला पुन्हा रोवले, पण मुरूम कोणी उकरला नाही. सूर मारला की पोरींचे गुडघे सोलून निघतात. पुढच्या महिन्यात वर्षालीची निवड चाचणी आहे आणि ती सूर मारायलाच घाबरते.

काल मैदानात सभा भरली. सामने पुन्हा घ्यायचे का?

"घ्याच! तवा माह्या हॉटेलात बसाले जागा नोती," मोतीलाल हॉटेलवाले म्हणाले.

"गावाचं नाव झालं, अन् पोरीयचं मैदान गेलं," खेळ शिकवणारे रूपराव सर कडाडले.

मला दोघांचेही पटत होते. अशाने माझे डोके पार चक्रावून गेले.

सरांनी वर्षालीला पुढे बोलावले. "तुले काय वाटते?"

"मले ते सामने पायजेत, सर. ते पाह्यले नसते तर मी खेळलीच नसती."

मोतीलाल खुशीत हसले. तेवढ्यात ती गुडघ्याची पट्टी चाचपत म्हणाली, "पण मंग मी खेळू कुठी?"

निर्णय पुढच्या रविवारवर ढकलून सगळे चहाला गेले.

मित्रांनो, सामने घ्यावेत की नाही, मला खरेच कळत नाही. तुम्ही रविवारी खुशाल हात वर करा. पण मुरूम उकरायला सभा कशाला हवी? कोणीतरी आजच कुदळ घेऊन या.