दोन्ही तळवे उघडे

शाळेच्या लाकूडकोठीमागे सकाळी साडेसात वाजता एकूण त्रेपन्न हिरवे डाग होते. भिंतीवर एकतीस, जमिनीवर बावीस. शिवाय गाठ सोडलेल्या चौदा प्लास्टिकच्या पुड्या आणि कुणाचा तरी एक लोकरी हातमोजा. झाझगुलने हातमोजा सोडून बाकी सगळं वहीत उतरवलं. तालास खोऱ्यातल्या या गावात रसायनशास्त्र शिकवायला येऊन तिला दोन वर्षं होत आली होती, पण आधी मोजायचं आणि मग बोलायचं ही विद्यापीठातली सवय काही सुटली नव्हती.

डाग नसवायचे होते. तंबाखू, चुना आणि राख यांच्या या हिरव्या गोळ्या गावात सगळेच ओठाखाली धरायचे. नववीत मुलगे बारा. उलाकच्या, म्हणजे घोड्यावरून बोकड ओढून नेण्याच्या खेळाच्या, शाळेच्या संघाचे स्वार तेच, आणि बाराही जण घोड्यावर चढायच्या आधी बार भरत. त्यांच्यासाठीच झाझगुलने दर शनिवारी एक जादा तास सुरू केला होता. राजधानीतून आलेल्या तंबाखूविरोधी पुस्तिकेत आठव्या पानावर लिहिलं होतं : समोरच्याच्या डोळ्यांत बघा, ठाम आवाजात 'नाही' म्हणा, कारण देऊ नका.

बारांतल्या एल्मिर्झाने ते जसंच्या तसं केलं. तेही चुलतभावाच्या लग्नात, भर पंगतीत. संघाचे कर्तेधर्ते आणि गावाचे वडीलधारे ओमुरझाक-अता यांनी सुक्या भोपळ्याची आपली डबी त्याच्यापुढे धरली. पंधरा वर्षांच्या पोराने सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "नाही. नको."

सोमवारी शाळेच्या डिरेक्टरांनी झाझगुलला खोलीत बोलावलं. त्यांच्याही खालच्या ओठाला फुगवटा होता.

"पोरांना उद्धटपणा शिकवतेस? माझ्या बापाच्या डोळ्यांत मी अजून पाहिलेलं नाही!"

"पान आठ चुकलं, बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "ते मी बदलते. तास बदलत नाही."

"बदलते म्हणे! अता म्हणतात, नूरुझच्या सणाला खेळाआधी सगळ्या गावासमोर एकेकाला डबी देणार. एकानं जरी तोंड वर केलं तर तो संघाबाहेर. आणि तुझा शनिवार कायमचा बंद. खोलीची किल्ली ठेव इथं."

"किल्ली नूरुझनंतर मागा."

"काय म्हणालीस?"

"अजून कुणी तोंड वर केलेलं नाही. केलं तर मी स्वतः आणून देईन." तिने केराची बादली पायाने त्यांच्याकडे सरकवली. "आणि थुंकायचं असेल तर थुंका, बाइके. कधीचे गिळताय."

बाहेर येऊन तिने किल्ली कोटाच्या खिशात टाकली. तास बंद पडला असता तर दुसरं कुणी तो सुरू करणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बारा पोरांनी नूरुझला मुकाट्याने बार भरला तरी तास वाचला असता, पण मग तो कशासाठी वाचवायचा?

शनिवारी तिने सगळ्यांसमोर आठवं पान फाडलं.

"हे लिहिणाऱ्याला म्हातारे नसावेत," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा. आपल्याकडे नको असलेली गोष्ट अपमान न करता कशी टाळतात?"

"पळून जायचं, एजेय," मागून कुणीतरी म्हणालं.

"घोड्यावरून?"

"घोड्यावरून तर जास्तच लांब!"

हशा पिकला. एल्मिर्झा तेवढा हसला नाही. लग्नापासून त्याचे आजोबा त्याच्याशी बोलत नव्हते. "मी पुन्हा 'नाही' म्हणणार नाही, एजेय," तो म्हणाला. "संघातून काढलं तर मी काय करू? मेंढ्या मोजू?"

"तू नाही म्हणूच नकोस," बुरुल म्हणाली. ती तासाला हौसेने येणाऱ्या वर्गातल्या नऊ मुलींपैकी एक, जिभेने फटकळ. "अतांना म्हणायला लाव. एजेय, बाता मागितली तर कुठला अता नाही म्हणेल?"

बाता म्हणजे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, आणि तो मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"मग?" झाझगुलने विचारलं.

"मग काय! बाता द्यायला दोन्ही तळवे उघडे लागतात. घेणाऱ्याचेही आणि देणाऱ्याचेही. डबी धरणार कुठं? दातांत?"

वर्ग बाकं बडवायला लागला.

झाझगुलला कल्पना पटली, पण तेवढ्यावर तिचा विश्वास बसला नाही. तिने चहाचा रिकामा डबा आणला, बुरुलला अता केलं आणि प्रत्येकाकडून पंधरा वेळा करून घेतलं. बुरुल पाठीला बाक काढून खेकसायची, "घे रे, मर्द आहेस की कोकरू?" सुरुवातीला पोरांचे हात आपोआप डब्याकडे जात. हात कितव्या क्षणाला वळतो ते झाझगुल घड्याळात बघत राहिली. तिसऱ्या शनिवारी बहुतेकांचे तळवे बुरुलचं वाक्य संपायच्या आत उघडायला लागले. सगळ्यांचे नव्हे. संघनायक तालायने तर सरळ सांगितलं, "मला आवडतो नसवाय, एजेय. खोटं कशाला बोलू?" तिने त्यालाही पंधरा वेळा करायला लावलं.

नूरुझला मैदानात चिखल होता आणि त्याभोवती सगळं गाव. बारा पोरं घोड्यांचे लगाम धरून रांगेत उभी होती. ओमुरझाक-अता डबी घेऊन आले. डिरेक्टर त्यांच्या मागे, आणि झाझगुल रांगेच्या टोकाला.

तालायने बार भरला. दुसऱ्यानेही. एल्मिर्झासमोर अता थांबले.

"हं, डोळे कुठायत तुझे? आज बघतोस का?"

एल्मिर्झाची मान खाली होती. त्याने लगाम कोपरात अडकवला आणि दोन्ही तळवे पुढे केले. "अता, खेळाआधी तुमची बाता हवी."

अतांच्या उजव्या हातात डबी होती, डाव्यात बूच. ते एकदा त्याच्याकडे, एकदा डबीकडे बघत राहिले. तोवर भोवतालच्या लोकांनी सवयीने आपापले तळवे वर केलेही होते. दोनशे माणसं हात पसरून वाट बघत होती. अतांनी डबीला बूच लावलं, डबी बुटात खोचली आणि हात उघडले. "वाट मोकळी असो, घोडा अडखळू नये..." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. "ओमिन."

अतांनी वाकून डबी काढली आणि चौथ्यासमोर धरली.

"अता, मलाही. माझा घोडा नवा आहे."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. डबी पुन्हा बुटात गेली. पाचव्याने मुकाट्याने बार भरला. सहाव्याचे तळवे अता पोचायच्या आधीच उघडे होते.

"मी काय मुल्ला आहे?" अता ओरडले. "कंबर मोडली माझी वाकून वाकून!"

"तुमची बाता लागते, अता," बुरुल गर्दीतून ओरडली. "मुल्लाची लागत नाही!"

आता गाव उघड उघड हसत होतं, पण हात वर करूनच. रांग संपली तेव्हा अता कपाळ पुसत होते.

डिरेक्टर पुढे झाले. "अता, अपमान झाला का? आत्ता सांगा. तास आजच बंद करतो."

"कसला तास?"

"ही पोरांना नाही म्हणायला शिकवते."

ओमुरझाक-अतांनी झाझगुलकडे बराच वेळ पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"मला तर एकही जण 'नाही' म्हणाला नाही," ते म्हणाले. "घसा सुकला माझा. पोरी, पाणी आण."

डिरेक्टरांनी हात पुढे केला नाही. किल्ली झाझगुलच्या कोटाच्या खिशातच राहिली. तिने पाणी आणून दिलं आणि वही काढली.

मुलगे बारा. बाता सात, बार पाच.