यहयाच्या गाडीचा सेन्सर

सिराज निजामपुऱ्यातला नावाजलेला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. आपला हात जगन्नाथ, हा त्याचा खाक्या. पंखा असो, पंप असो, बाहेरच्या कुणाला हात लावू देईल तर शपथ! धाकट्या भावाच्या, यहयाच्या जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सरही, म्हणजे धुराच्या नळीत आट्यावर बसणारा, त्यानंच बदलला. पंधरा दिवसांनी यहया वडप्याला गोदामाबाहेर गाडीतच एसी लावून झोपला, तो उठलाच नाही. धूर आत शिरला, असं डॉक्टर म्हणाले. कुठून शिरला, ते कुणी विचारलं नाही. गाडी जुनी होती, एवढ्यावर भागलं.

सिराजचं मात्र भागलं नाही. खाई त्याला खवखवे. लूमचा नट तो कधी शेवटपर्यंत आवळत नसे. जास्त पिळलं तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, म्हणून अर्धा पीळ सोडायची हाताला सवय. सेन्सरलाही सोडला होता का? आठवेना. आजूबाजूला लूम खडखडत असले तरी त्या गाडीच्या इंजिनातली बारीक फुसफुस त्याला ऐकू यायची. यहयाच्या दारात उभ्या गाडीसमोरून जायला लागू नये म्हणून तो मशिदीत लांबच्या गल्लीनं जाई. असं वर्ष गेलं.

आज यहयाच्या बायकोनं, सालेहानं, नवा सेन्सरच हातात ठेवला. "दिवा लागतोय, सिराजभाई. सोमवारपासून रमशाला मीच शाळेत सोडणार. तुम्हीच बसवलेला, तुम्हीच बदला."

भावाची पोरगी त्यात बसणार म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

दुपारी त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली, सेन्सरचा प्लग सोडवला. एरवी तापून तापून हा आटा असा धरतो की पान्यावर लोंबकळावं लागतं. घट्ट असू दे, या अल्ला, एवढंच तो म्हणत होता. आट्याभोवती काजळी साचली होती. त्यानं नुसती बोटं लावली. सेन्सर फिरला.

त्यानं घाईनं पाना अडकवला आणि उगाच जोर लावत कण्हला.

"घट्ट होता?" मागून सालेहानं विचारलं.

"एकदम घट्ट."

ती पायरीवर बसली. "मग माझंच पाप. गरम होतंय म्हणून त्यांचा फोन आला, तर मीच बोलले, काचा वर करा, एसी लावा, जरा झोपा. मला वाटायचं, गाडीत काहीतरी बिघाड निघेल. निघावा म्हणून दुवा मागायचे मी."

सिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाना खाली ठेवला आणि सेन्सर बोटांनीच फिरवून बाहेर काढला.

"खोटं बोललो, सालेहा. हातानं फिरला. मीच ढिला ठेवला होता."

तिनं तो काळा सेन्सर त्याच्याकडून घेतला.

"वर्षभर गाडी दारात उभी होती, सिराजभाई," ती म्हणाली. "एकदा बोट लावून बघायचं होतं."

आणि ती आत निघून गेली.