मारुतीचे तेल आणि माझे पोट

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे, तेलावर चालणारा. मालेगावात, वाशीम रस्त्याला लागून जगदेवभाऊंचे गॅरेज आहे. तिथल्या बाभळीखाली माझा मुक्काम असतो. दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंग लोखंडाचे, आत तेल अडवणारी रबराची वायसरे, म्हणजे वॉशर, आणि पोटभर पातळ तेल. दांडा हलवला की ते तेल माझी मान वर ढकलते, आणि भरलेला ट्रकसुद्धा अलगद उचलला जातो. म्हणून ड्रायव्हर लोक मला 'पैलवान' म्हणत. कौतुक कोणाला आवडत नाही?

जगदेवभाऊ मोठे भाविक. कुठे कीर्तन आहे म्हटले की पाना खाली ठेवून निघालेच. त्यांचा जोडीदार भिवाजी. दोघांनी मिळूनच गॅरेज उभे केले होते. भिवाजी कीर्तनाला जात नसे, पण भाऊ गेले की गॅरेज सांभाळी.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत माझे तेल गळून कमी झाले. त्या शनिवारी जगदेवभाऊ मारुतीच्या देवळातून एक डबा घेऊन आले. मूर्तीवर वाहिलेले तेल शेंदरासकट त्यात ओघळून जमते, ते होते. आल्या आल्या त्यांनी माझे झाकण उघडले.

"भाऊ, हे कायले टाकून राह्यले?" भिवाजीने विचारले.

"ज्यानं डोंगर उचलला, त्याचं तेल आहे. टरक काय जड त्याले?"

"डोंगर उचलला तवा त्याच्या पोटात शेंदूर नोव्हता, भाऊ."

भाऊ हसले आणि डबा माझ्या पोटात रिता केला. भाव खरा होता, मित्रांनो. पण पोट माझे होते.

दोन-चार दिवस मी ओझे उचलले. मग तेल चिकट होऊ लागले. एके दुपारी कापसाने भरलेला ट्रक आला. त्याच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. मी कण्हतकुथत ट्रक उचलला आणि भाऊ खाली सरकले. तेवढ्यात शेंदराचा एक खडा आतल्या, तेलाची परतवाट बंद करणाऱ्या छोट्या गोळीखाली अडकला. तेल मागे फिरले. माझी मान खाली जाऊ लागली. मी रोखू म्हटले तरी रोखता येईना. भाऊंच्या छातीवर ट्रक उतरत होता, आणि उतरवणारा मीच होतो.

धप्प असा आवाज झाला आणि ट्रक थांबला. भिवाजीने आधीच चासीखाली, ट्रकच्या सांगाड्याला टेकू म्हणून, बाभळीचा ओंडका सरकवून ठेवला होता.

भाऊ बाहेर आले. आधी त्या ओंडक्याला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "देव कोपला काय रे?"

भाऊंची बायको दुर्गाबाई तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आली होती; ती म्हणाली, "देव कायले कोपते? त्याचं तेल तुमी दुसऱ्याले पाजलं. लेकराले कडबा अन् बैलाले दूध देता काय?"

भाऊ मान खाली घालून बसले. मग हळूच म्हणाले, "परवा बुवानं कीर्तनात हेच तर सांगतलं. ज्याले जे पचते, ते त्याले द्या. म्या टाळ्या वाजवल्या, अन् घरी येऊन इसरलो."

दोघांनी मला उघडले, रॉकेलने धुतले. भिवाजी ब्रेक ऑइल ओतायला निघाला, तर वाशीमच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला आधी विचारू, असे भाऊंनीच सांगितले. दुकानदार म्हणाला, "त्यानं ह्या जॅकचं रबर फुगते. ह्याले जॅकचंच तेल पाह्यजे, पातळ अन् साफ." भिवाजी कान खाजवत हसला, "घ्या, मीबी तुमच्याच पंगतीतला." नवी वायसरे बसली, नवे तेल आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा जेवल्यासारखे वाटले.

आता माझे झाकण उघडण्याआधी भाऊ ते पुसून घेतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कुठले यंत्र असेल, तर त्याला काय पचते ते आधी विचारा. आम्हाला माया कळते, पण ती पोटातून.

अजूनही शनिवारी भाऊ मारुतीला तेल वाहतात. परत आले की बोटाला लागलेला शेंदूर त्या बाभळीच्या ओंडक्याला लावतात, आणि तो आधी ट्रकखाली सरकवून मग मला हात घालतात. माझ्या पोटात ज्याने घात केला, तो शेंदूर त्या ओंडक्यावर किती शोभतो म्हणून सांगू!