हवेला शिव्या, पाण्याला नारळ

"त्याला पाणी पाजलंस तर माझ्याशी गाठ हाय," म्हणत गिरिजाबाईंनी तांब्या उचलला आणि रांजणापाशी फतकल मारून बसल्या.

सून बेबीनंदा मांडीवरल्या देवानंदकडं बघत राहिली. नुकतंच रांगायला लागलेलं पोर, कालपासून हगवणीनं चिपाड झालं होतं. टाळू आत गेली होती. रडायचं, पण डोळ्यांत थेंब नव्हता. नजर मात्र त्या तांब्यावरून हलत नव्हती.

"आत्याबाई, घसा सुकलाय त्याचा. दोन घोट तरी द्या."

"वरून घालशील, खालून जाईल. पाणी तोडल्याबिगर हगवण बांधत न्हाई. माझी चार लेकरं मी अशीच वाढवली."

चार वाढवली हे खरं. गेली किती, ते कुणी विचारत नसे.

सगळं त्या पावसानं झालं. आषाढात चार सरी टाकून पावसानं पाठ फिरवली, आणि मग श्रावणात एका दुपारी तो आभाळ फाटल्यागत कोसळला. गावाची विहीर नाल्याच्या काठाला आणि तिच्या वरच्या अंगाला गोदरी. सारं गाव जिथं टमरेल घेऊन बसायचं, तिथला लोंढा थेट विहिरीत उतरला. तळ दाखवणारी विहीर काठोकाठ भरली म्हणून लोकांनी वाजतगाजत नारळ फोडला, बायांनी हळदकुंकू वाहिलं. मग घरोघर लेकरं आजारी पडली, आणि जो तो म्हणायला लागला, हवापाणी बदललं.

बेबीनंदाला ह्या शब्दाचाच संताप यायचा. म्हणायचं हवापाणी आणि दोष सगळा हवेला. गार हवा लागली, बाहेरची हवा लागली. पाण्याचं नाव कुणी घेईना. विहिरीवर तिनं बोलून दाखवलं, तर बाया म्हणाल्या, "गंगामाय घरी आली, तिला नावं ठिवती व्हय?" नवरा लांब पाझर तलावाच्या कामावर. सांगायचं तरी कुणाला?

तेवढ्यात गोठ्यातून सासऱ्यांची, तातेरावांची हाक आली.

"सूनबाई, कण्यांची पेज झाली का? वासरू लई पातळ हगून राह्यलं. जल्दी आण."

पोराला काखेत घेऊन, चुलीवरचं पातेलं उचलून ती गेली. तातेरावांनी पेज निववून तिच्यात मीठ टाकलं आणि बांबूच्या नळकांड्यात ओतून वासराच्या नरड्यात सोडायला लागले.

"मामा, ह्याचं पाणी तोडायचं न्हाई का?"

"येडी का काय? पाणी तोडलं तर सुकून मरंल ते."

"मंग देवानंदचं कामून तोडलं?"

तातेरावांचा हात थांबला. "जनावराचं येगळं, माणसाचं येगळं," ते पुटपुटले. "आन बायकांच्या कामात मी पडत न्हाई."

बेबीनंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तिथंच गव्हाणीशी टेकली. "मंग ह्याला बी वासरूच समजा," म्हणाली आणि पळीनं पेज पोराच्या ओठांना लावली. पोर अधाशासारखं चाटायला लागलं.

तातेराव उठले. घराकडं पाठ करून आडवे उभे राहिले, आणि म्हातारीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "वासराला अजून लागंल. घडीघडीला पेज करून आणत जा. बिलकुल चुकवू नको."

मग ओल्या काटक्यांच्या धुरात वासराच्या नावानं पेज शिजत राहिली. "वासरू हाय का हत्ती?" गिरिजाबाई करवादायच्या. शेजारच्या चतुराबाईंची नातही तशीच निपचित पडली होती. बेबीनंदानं मधल्या काट्यांच्या कुपाटीवरून सांगून बघितलं. चतुराबाई म्हणाल्या, "तुझ्या सासूनं चार वाढवली, बाई. तिचं ऐकू का तुझं?"

दोन दिवसांनी देवानंदनं भोकाड पसरलं आणि त्याच्या गालांवर खरीखुरी आसवं आली. बेबीनंदा त्याच्याबरोबर रडली. गिरिजाबाईंनी नातवाला छातीशी धरलं.

"बघ, पाणी तोडलं म्हणून वाचला. आन हवा बी पलटली."

त्याच दुपारी कुपाटीपल्याड रडारड उठली. चतुराबाईंची नात गेली. सगळे तिकडं धावले. परतताना गिरिजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिच्या मायनं चोरून पाणी पाजलं असंल."

"न्हाई आत्याबाई," बेबीनंदा म्हणाली. "त्यांच्या गोठ्यात वासरू नव्हतं."

"ह्या पोरीचं डोकं फिरलं," म्हणत म्हातारी घरात शिरली. तातेराव तेवढे मान खाली घालून ओट्यावर बसून राहिले.