दिवेलागणीला येणारा फोटो

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ-मृदंग नाही, पण कथा सांगते. ऐकून झाल्यावर देवावर राग धरू नका, त्याचा यात काही दोष नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठी खोली होती. दिवेलागणीला तिथे पाय ठेवायला जागा नसे, चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत. पुढे पांढऱ्या गादीवर ढगबाबा. दोन्ही तळवे वर करून दाखवायचे. "हात रिकामे. खिसा नाही. फोनला मी शिवतसुद्धा नाही." मग डोळे मिटायचे. पहिल्या रांगेत शिवणवाल्या मावशी, मांडीवर फोन. तो थरथरला की सगळी खोली श्वास रोखायची. फोनमध्ये मावशींचा देवाघरी गेलेला मुलगा, मागे सोनेरी उजेड, खाली ओळ: 'आई, मी सुखात आहे.'

"आला," बाबा डोळे न उघडता म्हणायचे. "तुम्ही शिकलेले लोक क्लाउड क्लाउड म्हणता. अहो, क्लाउड म्हणजे ढग. आणि ढगांच्या वर कोण असतं?" माणसं हात जोडायची.

हा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टच्याच खड्ड्यात पडून गेला. जिवंतपणी त्यानेच आईचे सगळे फोटो इंटरनेटवरच्या जागेत साठवायची सोय करून दिली होती. "फोन हरवला तरी मी हरवायचो नाही," असं हसून म्हणाला होता.

मी मावशींना म्हटलं, "कुणीतरी तुमचा पासवर्ड चोरलाय." तर बाबांनीच भर सभेत सांगितलं, "बदला. हवा तितक्या वेळा बदला." मावशींनी तिथेच बदलला. फोटो आलाच. खोलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर तोंडाला लावून मागच्या रांगेत सरकले.

मग खालची ओळ बदलली. 'आई, रोज सुया टोचून घेऊ नकोस. मी आहे ना.' मावशींनी इन्सुलिनच्या बाटल्या केराच्या डब्यात टाकल्या. तळपायाला साधा फोड आला होता, तो काळा पडू लागला. बाबांचं मावशींशी वैर नव्हतं. डॉक्टरकडे जाणारी माणसं त्यांच्याकडे कमी येतात, एवढंच.

मी मावशींच्या लेकीला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या गावी शाळेत संगणक शिकवते. आली, पाय पाहिला आणि आईसमोर खालीच बसली.

"आई, इंजेक्शन घे."

"दादा नको म्हणतो."

"दादा गेलाय, आई."

"तुला दिसत नाही म्हणून गेला होय? तुला तर चष्म्याशिवाय समोरची भिंतही दिसत नाही."

लेकीने फोन हातात घेऊन ते तेजस्वी फोटो बराच वेळ पाहिले. मग मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "काकू, यातला एक मीच काढलेला आहे. शर्टाची कॉलर मुडपली होती, ती अजून तशीच आहे. वर गेल्यावर कुणी सरळ केली नाही वाटतं." दादाच्या नावाच्या फोल्डरमधले सगळे फोटो तिने दुसरीकडे हलवले आणि तिथे एकच ठेवला: तिचा स्वतःचा, चष्मा नाकावर घसरलेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन थरथरला.

"आला," बाबा म्हणाले. "बघा कसा तेजाने न्हालाय. दाढी वाढलीय जरा."

मावशींनी पाहिलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. सोनेरी उजेडात त्यांची लेक होती. खाली तेच, 'मी सुखात आहे.' लेक शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, "आई, मी मेले का गं?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाबांनी डोळे उघडले. "हा देवाचा इशारा आहे, पोरी. अश्रद्धेचं फळ."

"मग दाढी कुणाची पाहिलीत, बाबा?"

बाबा पाण्याच्या तांब्याकडे वळले. लेक लोकांकडे वळली. "यात मंत्र नाही. यांनी एक छोटा प्रोग्राम लावून ठेवलाय, स्क्रिप्ट म्हणतात त्याला. ठरल्या वेळी तो आपोआप चालतो, दादाच्या फोल्डरमधला फोटो उचलतो, मागे उजेड चिकटवतो, खाली ओळ लिहितो आणि परत आईच्याच जागेत चढवतो. त्याला डोळे नाहीत. सापडेल ते उचलतो."

"पण पासवर्ड तर बदलला होता ना?" कुणीतरी विचारलं.

"त्याला पासवर्ड लागतच नाही. आई, पहिल्या दिवशी यांच्या शिष्याने तुला काय दाबायला लावलं?"

मावशी पुटपुटल्या, "आशीर्वादाचं बटण म्हणाला. त्यावर 'परवानगी द्या' असं लिहिलं होतं."

"तिथेच झालं. ते दाबलं की त्यांच्या प्रोग्रामला टोकन मिळतं, म्हणजे ये-जा करायचा वेगळा पास. आपण दाराचं कुलूप बदलत राहिलो आणि पासवाला आत येत राहिला." तिने सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी रद्द केली. "आता बोलवा दादाला."

पुढच्या दिवेलागणीला काही आलं नाही. गादीही उचललेली होती. बाबा आता दुसऱ्या कुठल्या गावात बसतात म्हणे. हात रिकामेच दाखवत असतील.

मावशींनी इन्सुलिन पुन्हा सुरू केलं, पण विष वर चढलं होतं. पाय कापला. तरीही त्या दवाखान्यातून घरी आल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत दिवे लागले की फोन छातीवर धरायच्या. एकदा मला म्हणाल्या, "खोटा होता, कळलं गं मला. पण यायचा." लेक पडद्याआड उभी होती. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

मी आजही कीर्तन लागलं की चुलीवरचं दूध विसरते. पण देवाचं नाव घेऊन जो औषध सोडायला सांगतो, त्याला देव ठाऊक नाही, हे मी कुठल्याही मंडपात उभी राहून सांगेन. चमत्कार पाहिलात तर हात जोडण्याआधी विचारा, हा होतो कसा? फोनने परवानगी मागितली तर विचारा, कुणाला आणि कशाची? आणि बटणावर अंगठा टेकवण्याआधी क्षणभर आमच्या शिवणवाल्या मावशींची आठवण काढा.